एस्टेटचा रस्ता झाला, गाळ्याची किंमत वाढली. मग वर्गणी भाडेकरूने का द्यायची?



व्हिडिओत हिशोबाचे आकडे पटापट सरकतात, म्हणून जरा सावकाश वाचायची गोष्ट मी इथे लिहितो. आजचा विषय आहे एस्टेटमधल्या कामांच्या वर्गणीचा. आतला रस्ता, गटार, गेट, दिवे. सगळ्यांना हवं असतं, आणि पैशांचा विषय निघाला की निम्मी खुर्च्या रिकाम्या होतात.

भिवंडी, वसई, भोसरी, कुठेही जा. खासगी बिल्डरने बांधलेली गाळ्यांची एस्टेट असते. गेटपर्यंत डांबरी रस्ता, आणि गेटच्या आत शिरलं की खड्डे. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की टेम्पोवाला गेटवरूनच फोन करतो, "शेठ, गाडी आत येणार नाही, माल इथूनच उचला." मग हमालीचे वेगळे पैसे, भिजलेले खोके, पार्टीला उशिरा पोचलेला माल. हा खर्च कुणाच्या वहीत 'रस्ता' म्हणून लिहिलेला नसतो, पण तो दरवर्षी होतो.

मग कधीतरी एक बैठक होते. कोणीतरी कॉन्ट्रॅक्टरचं कोटेशन आणलेलं असतं. एकूण रकमेला गाळ्यांच्या संख्येने भागलं जातं आणि जाहीर होतं, "प्रत्येकी साठ हजार, सगळ्यांनी सारखे." आणि त्याच क्षणी ते काम बारगळतं. फक्त ते सगळ्यांच्या लक्षात यायला पुढचा पावसाळा उजाडतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो, मग त्यावर भांडू. पहिलं, सारखा वाटा हा न्याय नाही, तो फक्त सोपा भागाकार आहे. दुसरं, आणि हे गाळेमालकांना आवडणार नाही, नव्या रस्त्याचा, नव्या गटाराचा भांडवली खर्च मालकाने द्यायचा. भाडेकरूने द्यायची ती देखभाल. आज बहुतेक एस्टेटमध्ये उलटं चाललंय. मालक ठाण्याला किंवा दुबईला, आणि वर्गणीची पावती त्याच्या भाडेकरूच्या नावाने.

आधी रस्ता कोणाचा ते बघा

इथे गोंधळ नको म्हणून एवढं पटकन. रस्ता महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या ताब्यात असेल तर तो त्यांनी करायचा. तुम्ही मालमत्ता कर भरता, त्यात तो हक्क आलाच. तिथे वर्गणी काढण्याआधी अर्ज, नगरसेवक, पाठपुरावा. आणि परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्याला हात लावायचा नाही, चांगल्या हेतूनेसुद्धा नाही. एमआयडीसीत असाल तर रस्ते महामंडळाचे, त्यासाठी ते सेवाशुल्क घेतात, तुमचं भांडण तिथे आहे. पण खासगी लेआउटमधला आतला रस्ता, जो बिल्डरने पालिकेकडे कधी हस्तांतरितच केला नाही, तो तुमचाच. म्हणजे सगळ्या मालकांचा मिळून. पालिकेत कितीही खेटे घाला, तिथला साहेब फाईल बघून सांगणार, "हा आमच्या यादीत नाही." ते उद्धटपणाने बोलत असतील, पण बरोबर बोलत असतात.

या लेखातलं सगळं त्या तिसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

कायदा काय म्हणतो? दोन गोष्टी म्हणतो

लोकांना वाटतं खर्च वाटायचा एकच सरकारी नियम असेल. तसं नाही. आपल्याच राज्यात दोन कायदे दोन वेगळी उत्तरं देतात.

गृहनिर्माण सोसायटीचे आदर्श उपविधी काढून बघा. त्यात प्रत्येक खर्चाला वेगळी फूटपट्टी लावली आहे. सेवाशुल्क, म्हणजे वॉचमन, सफाई, ऑफिस वगैरे, सगळ्या सदनिकांना सारखं. पाणी मात्र नळजोडांच्या संख्येवर. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के, सिंकिंग फंड किमान ०.२५ टक्के, म्हणजे मोठ्या सदनिकेला आपोआप जास्त. वॉचमन मोठ्या घराकडे जास्त वेळ बघत नाही, म्हणून तो सारखा. भिंत आणि गच्ची मोठ्या घराला जास्त लागते, म्हणून ती बांधकामाच्या प्रमाणात. कुणीतरी शांतपणे बसून विचार केलेला आहे यात.

आता दुसरा कायदा, १९७० चा महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायदा. तुमची इमारत सोसायटी नसून अपार्टमेंट असोसिएशन असेल तर सामायिक खर्च अविभक्त हिश्शाच्या टक्केवारीने. डीड ऑफ डिक्लरेशनमध्ये ती टक्केवारी लिहिलेली असते. तिथे 'सगळ्यांना सारखं' चालत नाही. म्हणजे एकाच रस्त्याच्या डाव्या बाजूला सोसायटी आणि उजव्या बाजूला अपार्टमेंट असेल, तर त्याच वॉचमनचा पगार दोन वेगळ्या पद्धतीने वाटला जाईल, आणि दोन्ही कायदेशीर.

गाळ्यांच्या प्रिमायसेस सोसायटीचे उपविधी आणखी वेगळे असतात, बऱ्याच ठिकाणी चौरस फुटावर आकारणी असते. तुमच्या सोसायटीचे उपविधी तुम्ही कधी वाचलेत का? चेअरमनच्या कपाटात असतात. झेरॉक्स काढून आणा, वीस-तीस रुपयांचं काम आहे.

पण मला जो कायदा या विषयात सगळ्यात शिकण्यासारखा वाटतो तो सोसायटीचा नाहीच. तो आहे १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, आणि त्यातली नगररचना योजना, ज्याला आपण टीपी स्कीम म्हणतो. ही पद्धत मुंबई इलाख्यात १९१५ च्या कायद्यापासून आहे, काल-परवाची नाही. थोडक्यात कल्पना अशी. सगळ्यांच्या वेड्यावाकड्या जमिनी एकत्र करायच्या, त्यातून रस्ते, मैदानं काढायची, आणि उरलेली जमीन चौकोनी भूखंड पाडून त्याच मालकांना परत द्यायची. जमीन थोडी कमी मिळते, पण रस्त्यावर आल्यामुळे तिची किंमत वाढते. मग रस्ता-गटाराचा खर्च कुणी द्यायचा? कायदा म्हणतो, ज्या भूखंडाची किंमत जितकी वाढेल असा अंदाज आहे, त्या प्रमाणात त्या भूखंडावर हिस्सा लावा. आणि तो हिस्सा वाढीव किमतीच्या निम्म्याहून जास्त नको. म्हणजे किंमत दहा लाखांनी वाढली तर जास्तीत जास्त पाच लाख, उरलेले मालकाच्या खिशात.

आता पुढचं नीट वाचा. तो हिस्सा भरण्याची पहिली जबाबदारी कायदा कोणावर टाकतो? भूखंडाच्या मालकावर. तिथे कोण राहतंय, कोण कसतंय, कोण भाड्याने बसलंय, हा प्रश्न नंतरचा.

शंभर वर्षांपूर्वीच्या माणसांना जे उघड दिसलं होतं, ते आपल्या एस्टेटच्या बैठकीत का दिसू नये?

मालक म्हणतो, "वापरतो तो देईल"

गाळेमालकांचं म्हणणं मला माहिती आहे. "रस्ता भाडेकरू वापरतो, मी वर्षातून एकदा येतो. मग मी का देऊ?"

ऐकायला बरोबर वाटतं. आता आकड्यात बसवून बघा. काँक्रीटचा रस्ता नीट केला तर पंधरा-वीस वर्षं टिकतो. भाडेकरूचा करार किती? अकरा महिने, फार तर तीन वर्षं. समजा त्याने आज साठ हजार दिले आणि तीन वर्षांनी मालकाने भाडं वाढवून दुसरा आणला. वीसपैकी सतरा वर्षांचा रस्ता त्याने मालकाला भेट दिला. आणि गंमत बघा, भाडं कशाच्या जोरावर वाढलं? "रस्ता झालाय, कंटेनर आत येतो" या जोरावर. म्हणजे भाडेकरूने स्वतःच्या पैशाने स्वतःचं भाडं वाढवून घेतलं. असला धंदा मी कुणालाच शिकवत नाही.

मालक विकायला काढतो तेव्हाही तेच. जाहिरातीत काय लिहितो? 'आर.सी.सी. रोड, कंटेनर एंट्री, चोवीस तास सिक्युरिटी.' यातली एकही गोष्ट गाळ्याच्या चार भिंतींच्या आतली नाही. सगळी वर्गणीतून आलेली.

आणि सोसायटीच्या दप्तरात सभासद कोण? मालक. बिल कोणाच्या नावाने निघतं? मालकाच्या. गृहनिर्माण सोसायटीत सदस्य स्वतः राहत नसेल आणि भाड्याने दिलं असेल तर बिनभोगवटा शुल्क लागतं, तेही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांच्या वर नाही, आणि तेही सदस्यालाच. भाडेकरू सोसायटीला ओळखीचा नसतो. तो सभेला येऊ शकत नाही, मत देऊ शकत नाही, कॉन्ट्रॅक्टर निवडू शकत नाही. ज्याला मत नाही त्याच्याकडून भांडवल मागायचं, हे कुठल्या हिशोबात बसतं?

देखभाल मात्र त्याची. गटाराचा गाळ काढणं, दिव्याचं बिल, गेटवरच्या माणसाचा पगार, हे तो रोज वापरतो आणि रोज संपतं. त्याने दिलंच पाहिजे, आणि वेळेवर. भाडेकरूंमध्येही काही महाभाग असतात, करार संपायच्या आधी सहा महिने मेंटेनन्स भरणंच बंद करतात. त्यांची बाजू मी घेत नाहीये.

तुम्ही भाडेकरू असाल आणि मालक हलतच नसेल, पण रस्ता तुम्हाला या पावसाळ्याआधी हवाच असेल, तर द्या पैसे. पण भेट म्हणून नाही, उचल म्हणून. मालकाकडून एका कागदावर लिहून घ्या की ही रक्कम भाड्यातून वळती होईल. समजा तुमच्या गाळ्याचा वाटा ३३,५०० रुपये आला (हा आकडा कुठून आला ते पुढे येतंय) आणि भाडं १५,००० आहे. दरमहा ५,००० वळते केले तर सहा महिन्यांत तीस हजार, सातव्या महिन्यात साडेतीन. मालकालाही एकदम बोजा नाही. आणि पुढच्या वेळी करार करतानाच हे कलम टाका. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत करून घेण्याची जबाबदारी मालकाचीच आहे, त्यामुळे "आपलं तोंडी चालतं" हे उत्तर चालत नाही. नोंदणी होतेच आहे तर दोन ओळी जास्त लिहा: भांडवली कामांची वर्गणी मालकाची, मासिक देखभाल भाडेकरूची.

आता वाटायचं कसं

एक एस्टेट धरा. आकडे समजण्यासाठी मी मनाने घेतलेत, तुमच्याकडचे दर तुम्ही टाका. गाळे ३०, सगळ्यांचं मिळून क्षेत्र ३६,००० चौरस फूट. काम १८ लाखांचं. सारखं वाटलं तर प्रत्येकी ६०,०००. चौरस फुटावर वाटलं तर फुटाला ५० रुपये.

यातले तीन गाळे बघू. पहिला ५०० फुटांचा, तिथे एक ताई लेबल प्रिंटिंग करतात, माल स्कूटरवर नाहीतर रिक्षात जातो. दुसरा ४,००० फुटांचा, कपड्यांचं गोडाऊन, रोज दोन टेम्पो. तिसरा १,००० फुटांचा, लोखंडाच्या कॉइलचा व्यापारी, ट्रेलर येतो.

सारखं वाटलं की लेबलवाल्या ताई साठ हजार ऐकूनच उठतात. त्यांच्याएवढे छोटे गाळे निम्म्याहून जास्त असतील तर काम गेलं. चौरस फुटावर वाटलं की ताईंना २५,०००, पण गोडाऊनवाल्याला दोन लाख. तो म्हणतो, माझा माल हलका कापूस, आणि त्या कॉइलवाल्याला पन्नास हजार? ज्याच्या ट्रेलरने रस्ता फोडला त्याला? त्याचं चुकतंय का? नाही.

म्हणून मी म्हणतो, कोटेशन एकत्र ठेवूच नका. काम फोडा. रस्ता १२ लाख, गटार ५ लाख ४० हजार, गेट-दिवे ६० हजार. आणि प्रत्येकाला त्याची फूटपट्टी लावा.

गेट आणि दिवे सगळ्यांना सारखे. चोर गाळ्याचं क्षेत्रफळ मोजून येत नाही. प्रत्येकी २,०००.

गटार चौरस फुटावर. इथे लोक नेहमी वाद घालतात, "माझा गाळा चढावर आहे, माझ्याकडे पाणी साचतच नाही." अहो, पण तुमच्या पत्र्यावरचं पाणी जातं कुठे? ४,००० चौरस फुटांचा पत्रा म्हणजे साधारण ३७२ चौरस मीटर. ज्या दिवशी १०० मिलिमीटर पाऊस पडतो (आणि कोकणपट्टीत असे दिवस दर पावसाळ्यात येतात) त्या एका दिवशी त्या पत्र्यावरून जवळजवळ ३७,००० लिटर पाणी उतरतं. दहा हजार लिटरचे जवळजवळ चार टँकर. ते खालच्या गाळ्याच्या उंबऱ्याशी येऊन थांबतं. गटार ज्याच्याकडे पाणी साचतं त्याच्यासाठी नसतं, ज्याच्याकडून पाणी येतं त्याच्यासाठी असतं. तेव्हा फुटाला १५ रुपये, सगळ्यांना.

रस्ता मात्र गाडीच्या वजनावर. अमेरिकेत १९५८ ते १९६० मध्ये एक मोठी रस्ता चाचणी झाली होती. ठरावीक वजनाचे ट्रक एकाच रस्त्यावरून सतत फिरवून तो कधी फुटतो ते मोजलं. त्यातून रस्ता इंजिनियर आजही वापरतात तो ठोकताळा निघाला: एक्सलवरचं वजन दुप्पट झालं की रस्त्याचं नुकसान साधारण सोळा पट होतं. दुप्पट नाही, सोळा पट. म्हणजे ताईंच्या स्कूटरने तुमचा रस्ता शंभर वर्षं फुटणार नाही.

आता बैठकीत जाऊन "कॉइलवाल्याने सोळा पट द्या" म्हणालात तर कॉइलवाला तुम्हालाच गेटबाहेर काढेल. म्हणून सौम्य गुण ठेवा. स्कूटर-रिक्षावाल्याला एक गुण, टेम्पोवाल्याला दोन, ट्रक-ट्रेलरवाल्याला चार. समजा १८ गाळे एक गुणाचे, ८ दोन गुणांचे, ४ चार गुणांचे. एकूण गुण पन्नास. बारा लाखांना पन्नासने भागा, एका गुणाला २४,०००.

आता बेरीज करा. लेबलवाल्या ताई: दोन हजार, अधिक गटाराचे साडेसात, अधिक रस्त्याचे चोवीस. ३३,५००. गोडाऊनवाला: दोन, अधिक साठ, अधिक अठ्ठेचाळीस. १,१०,०००. कॉइलवाला: दोन, अधिक पंधरा, अधिक शहाण्णव. १,१३,०००.

बघा काय झालं. हजार फुटांचा गाळा चार हजार फुटांच्या गाळ्यापेक्षा थोडं जास्त देतोय, आणि का देतोय ते तुम्ही कुणालाही दोन वाक्यांत सांगू शकता. माझी कसोटी तीच आहे. जो आकडा समोरच्याला समजावता येत नाही, तो वसूल होत नाही.

इथे एक गाठ आहे, ती लपवत नाही. मी म्हणालो भांडवल मालकाचं, पण ट्रेलर तर भाडेकरूचा. उद्या तो कॉइलवाला गेला आणि तिथे एखादा टेलरिंगवाला आला तर? माझं उत्तर असं. सोसायटीला सगळे पैसे मालकच देईल, कारण जड धंद्याला गाळा द्यायचा हे त्याने ठरवलं आणि त्याचं भाडंही त्याने तसंच लावलं. पण पहिल्या गुणावरचे जे तीन जादा गुण, म्हणजे ७२,०००, ते मालकाने भाडेकरूकडून हप्त्याने घ्यावेत. तीन वर्षांचा करार असेल तर महिन्याला दोन हजार. भाडेकरू आधी गेला तर उरलेलं मालकाचं. वापराचा पैसा वापरणाऱ्याने, रस्त्याचा पैसा मालकाने. यापेक्षा चांगली वाटणी कुणाला सुचत असेल तर जरूर सांगा, पण "सगळ्यांनी सारखे" हे मला सांगू नका.

आणखी एक जण नेहमी उठतो. गेटजवळचा. "मी फक्त पहिले वीस फूट वापरतो, शेवटच्या गाळ्यापर्यंतचा रस्ता मी का करू?" त्याला सूट देऊ नका असं माझं मत आहे. कारण अंतराचा हिशोब एकदा सुरू झाला की कोपऱ्यावरचा म्हणतो माझं शटर मागच्या बाजूला आहे, पहिल्या मजल्यावरचा म्हणतो मी तर जिना वापरतो, आणि तुम्ही टेप घेऊन एस्टेटभर फिरत बसता. तीन फूटपट्ट्या पुरेत. चौथी आली की बैठक संपते.

पैसे आधी, कुदळ नंतर

चेन्नईच्या शेजारी अलंदूर नावाचं गाव आहे, तेव्हा स्वतंत्र नगरपालिका होती, आता चेन्नई महापालिकेत आहे. १९९० च्या दशकाच्या शेवटी तिथे भुयारी गटार योजना केली, साधारण ३४ कोटींची. नगरपालिकेने ठरवलं की लोकांकडून जोडणीमागे ठेव घ्यायची. घराला ५,०००, दुकान-व्यवसायाला १०,०००. आणि ती पाईप टाकल्यावर नाही, आधी. उरलेलं कर्ज आणि अनुदानातून. पुढे वापराचा मासिक आकार वेगळा.

सरकारी योजनेला लोक आधी पैसे देतील? दिले. कारण दर पहिल्या दिवसापासून जाहीर होता, वर्गवारी दोनच होत्या आणि सगळ्यांना कळणाऱ्या होत्या, आणि नगराध्यक्षांपासून सगळे वस्तीत फिरून समजावत होते. भांडवलाची ठेव जोडणीला बांधलेली, रोजचा आकार वापराला. मी वर जे मालक-भाडेकरूचं म्हणतोय, त्याचीच ही मोठी आवृत्ती.

तुमच्या एस्टेटला यातून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे क्रम. आधी फूटपट्टी ठरवा, मग रक्कम. आपण उलटं करतो. आधी कोटेशन येतं, प्रत्येकाला आपला आकडा दिसतो, आणि मग प्रत्येक जण आपला आकडा कमी होईल अशी फूटपट्टी शोधतो. कोटेशन यायच्या आधी विचारा, "गटार क्षेत्रफळावर, रस्ता वजनावर, दिवे सारखे, मान्य?" तेव्हा कुणालाच माहिती नसतं आपल्याला किती पडणार, म्हणून लोक खरं बोलतात. सर्वसाधारण सभेत ठराव करा, इतिवृत्तात लिहा, सह्या घ्या. मग कोटेशन मागवा, तीन.

खातं वेगळं ठेवा. मेंटेनन्सच्या खात्यात रस्त्याचे पैसे मिसळले की दिवाळीत वॉचमनच्या बोनसला तेच वापरले जातात, आणि मग सेक्रेटरीवर संशय. वेगळं खातं, दोन सह्या, महिन्याला एक कागद गेटवर चिकटवायचा: कुणाचे आले, कुणाचे राहिले. लाज ही फार स्वस्त वसुली आहे.

आणि तो कुलूप लावलेला गाळा. प्रत्येक एस्टेटमध्ये दोन-तीन असतात. मालकाने गुंतवणूक म्हणून घेतलेला, भाड्यालाही दिलेला नाही, फोन उचलत नाही. लोक म्हणतात, "तो वापरतच नाही, सोडून द्या." अजिबात नाही! सगळ्यात जास्त फायदा त्यालाच आहे. धंद्याची कटकट नाही, धूळ नाही, आणि किंमत मात्र तुमच्या वर्गणीने वाढतेय. मी तर म्हणेन पहिली नोटीस त्याला पाठवा. सोसायटी नोंदलेली असेल आणि ठराव नीट झाला असेल तर थकबाकीसाठी सहकार कायद्याखाली निबंधकांकडून वसुली दाखला मागता येतो. आणि कधीतरी तो गाळा विकायला काढणारच, हस्तांतरणाच्या वेळी थकबाकी समोर येतेच. फक्त सोसायटी नोंदलेलीच नसेल, नुसता व्हॉट्सअॅप ग्रुप असेल, तर यातलं काही हातात नाही. तिथे रस्त्याआधी नोंदणी करा.

छोट्यांना हप्ते द्या. ताईंचे ३३,५०० तीन हप्त्यांत. मोठ्यांना एकदम भरल्याबद्दल सूट देऊ नका, त्याने छोट्यांच्या मनात येतं की पैसेवाल्यांनाच पुन्हा स्वस्त.

एक खर्च कुठल्याच कोटेशनमध्ये नसतो, तो म्हणजे रस्ता बंद राहण्याचा. काँक्रीट टाकलं की त्याला पाणी मारत ठेवावं लागतं, पूर्ण ताकद यायला २८ दिवस धरतात. तेवढे दिवस तुमचा माल कुठून जाणार? कॉन्ट्रॅक्टर अख्खा रस्ता एकदम करायला बघतो, कारण त्याला ते स्वस्त. तुम्ही म्हणा अर्धी रुंदी आधी, अर्धी नंतर. थोडं महाग पडेल, पण छोट्या गाळ्यांचा महिनाभराचा धंदा वाचेल. आणि उलट्या तारखा मोजा. सात जूनला पाऊस धरला, तर दुसरी बाजू एप्रिल संपायच्या आत पडलेली हवी, पहिली बाजू मार्चमध्ये. म्हणजे पैसे फेब्रुवारीअखेर खात्यात, कोटेशनं जानेवारीत, आणि फूटपट्टीची बैठक डिसेंबरमध्ये. त्या बैठकीची नोटीस मालकांच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवा, आणि भाडेकरूंनाही बोलवा. मत नसलं तरी ट्रेलर किती येतात ते त्यांनाच माहिती असतं.